चौसष्टावा कागद

साओ जॉर्ज,
रविवार, १८ मे

प्रिय लुसिंदा,

निष्कर्ष तुला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी दुदाने तुला फोन केला. त्या दोन मिनिटांतले दीड मिनिट तुम्ही दोघी मायलेकी एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे कोणी कोणाचे काही ऐकले असेल असे मला वाटत नाही. निष्कर्ष हाती आला म्हणजे तो कशातून निघाला हे कळतेच असे नाही, आणि ते कळल्यावाचून निष्कर्षावर विसंबू नये, हे मी आंग्राच्या धर्मविद्यालयात आठ वर्षे शिकलो. तिथून पाद्री होऊन बाहेर पडायचे होते, शाळामास्तर होऊन बाहेर पडलो. ती एक सवय मात्र अंगात राहिली. म्हणून क्रमाने लिहितो. पत्र लांबेल. कामावरून आल्यावर निवांत बसशील तेव्हा वाच.

आधी करार. मागच्या जूनमध्ये दुदा भूगोलाची पदवी घेऊन पोंता देल्गादाहून परतली, तेव्हा आपल्या बेटावर भूगोलाच्या पदवीधराची गरज कोणालाच नव्हती. गाईंना नव्हती, चीजच्या कारखान्याला नव्हती, बंदरालाही नव्हती. तू टोरांटोत तिच्यासाठी दातांच्या दवाखान्यातली जागा बघून ठेवलीस. तिने वर्षभराची मुदत मागितली. नव्या पदवीधरांसाठी आपल्या प्रादेशिक सरकारची प्रशिक्षणार्थी योजना आहे: अकरा महिने सरकार विद्यावेतन देते, एखादे कार्यालय काम शिकवते, आणि मुदत संपली की दोघेही हात झटकून मोकळे होतात. नोकरीचे आश्वासन कोणीच देत नाही. ठरले ते असे, की मेअखेर कायम नोकरी हाती असेल तर दुदा इथे राहील, नसेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात विमानात बसेल. आणि हा करार कोणी मोडू नये याची जबाबदारी तू माझ्यावर टाकलीस. मी तुझ्या बाजूने बोललो, हेही नोंदवून ठेवतो. जेवणाच्या टेबलावर मी तिला टोरांटोची तीन कारणे क्रमवार सांगितली. तिने तिन्ही लक्षपूर्वक ऐकली, ताटातला शेवटचा बटाटा संपवला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं सगळं बरोबर आहे. मी अर्ज भरतेय."

तिला नगरपालिका मिळाली. तळमजल्यावर जिन्याखाली जी खोली आहे तिथे आता जमीन नोंदणीची खिडकी आहे, आणि खिडकीमागे लुद्जेरो, गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा तो. केस गेले, पोट आले, स्वभाव तोच. पहिल्या दिवशी त्याने तिला एका बाजूला कलणारी खुर्ची दिली. "ही प्रशिक्षणार्थींची खुर्ची," तो म्हणाला, "आधीचे तिघे हिच्यावरच बसले. तिघेही आता कॅनडात आहेत." दुसऱ्या दिवशी दुदाने घरून लाकडाची चकती नेली आणि खुर्चीच्या आखूड पायाला ठोकली. लुद्जेरोने ते पाहिले आणि दुपारी आपली स्वतःची खुर्चीही तिच्यापुढे आणून ठेवली. तीही डुगडुगत होती.

काम काय होते ते सांगतो. आपल्याकडे जमीन कोणाची आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि नीट कुठेच लिहिलेले नसते. जुन्या दस्तांत असते ते आल्केइर या जुन्या मापात, आणि असे: "दोन आल्केइर, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस कडा, पूर्वेस बेडूक म्हणवणाऱ्या आंतोनियोचे वारस." आता सरकारला हे चालत नाही. सरकारला जमीन चौरस मीटरमध्ये हवी आणि नकाशावर तिची रेघ ओढलेली हवी. माणसे दस्त घेऊन खिडकीशी येतात, दुदा त्यांना आकाशातून काढलेले छायाचित्र दाखवते, ती बोट ठेवून जागा दाखवतात, ती रेघ ओढते. ऐकायला सोपे वाटते. जेर्वासियो, आपल्या वरच्या कुरणाला लागून ज्याच्या वीस गाई चरतात तो, पहिल्यांदा गेला तेव्हा तिने त्याला नाव विचारले. "तुला माहीत नाही होय?" "माहीत आहे हो काका, पण इथे लिहावं लागतं." "मग लिही की माहीत आहे ते!" त्याच्या सगळ्या नावांपैकी गावाने दिलेले सोडून कोणतेच कोणाला माहीत नव्हते, त्यालाही नीट नव्हते. त्याच्या बहिणीला फोन करून बाप्तिस्म्याचे नाव शोधावे लागले. अशा गोष्टी घेऊन ती रोज संध्याकाळी घरी येई आणि सूप गार होईस्तोवर सांगत बसे. मी तिला विषयांतर करू नकोस म्हणत असे. ती करीतच असे. वर्षानुवर्षे या घरात इतके हसणे झाले नव्हते.

वरच्या कुरणांचे काम सरळ गेले, कारण हायड्रेंजियाच्या कुंपणांच्या निळ्या रेघा छायाचित्रात लख्ख दिसतात. फेब्रुवारीत ती खालच्या फाजांवर आली. कडा आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर आपल्या गावातल्या प्रत्येक घराचा एक तुकडा आहे, आणि तो चांगला राखणारी माणसे निम्मी तुझ्याकडे टोरांटोत आहेत. दगडी बांध झुडपांखाली गेले आहेत. छायाचित्रात सगळा एकच हिरवा गालिचा दिसतो. वाटेला लागून असलेली प्रत्येक तुकड्याची रुंदी तेवढी मोजता येते. तेव्हा दस्तातले क्षेत्रफळ घ्यायचे, रुंदीने भागायचे, आणि कड्यापासून समुद्राकडे तितकी लांबी आखायची, अशी रीत तिने बसवली. रीत निर्दोष होती. तीन आठवड्यांत तिने त्रेसष्ट जणांना कागद दिले, आणि गावात एक नवल पसरले: सगळ्यांच्या जमिनी वाढल्या होत्या.

हे नवल कोणालाही खटकले नाही, हे मी माणसाच्या स्वभावाविषयीचे निरीक्षण म्हणून नमूद करतो. प्रत्येकाला मनातून वाटतच होते की आपली जमीन लोक समजतात त्याहून मोठी आहे. सरकारने ते आता मान्य केले, इतकेच. कॅफेत माणसे एकमेकांना कागद दाखवू लागली. जेर्वासियोने आपला चौकटीत घालून भिंतीवर लावला. दुदाला वाटेत थांबवून कोणी चीज देई, कोणी रताळी, कोणी अंडी. "पोर शिकलेली आहे," सगळे म्हणत, "आधीच्या लोकांना मोजताच येत नव्हतं." आम्ही महिनाभर अंडी विकत घेतली नाहीत.

मग किटेरिया आली. सत्याहत्तर वर्षांची आहे, पण अजून रोज फाजांवर उतरते, तिथेच कांदे लावते. कागद तिने माझ्यापुढे ठेवला. "मास्तर, वाचून सांगा. माझा तुकडा कुठपर्यंत आहे?" मी छायाचित्रावरची लाल रेघ पाहिली. ती कड्यापासून निघून, तिचा वाफा, तिची विहीर, किनाऱ्यावरचे काळे खडक ओलांडून बऱ्यापैकी पाण्यात गेली होती. मी ते सांगितले. किटेरियाने थोडा विचार केला. "मग त्यातले मासे माझे का?" मी म्हणालो, हा कायद्याचा प्रश्न आहे. "नाही, म्हणजे असतील तर जेर्वासियोला सांगा, गळ टाकायला माझ्या शेतात येत जाऊ नको."

ती हसत गेली. मी हसलो नाही. आपला कागद काढला, दस्त काढला, आणि भागाकार केला. मग शेजारच्या पाच घरांतून कागद आणि दस्त मागून आणले आणि पाचांचाही केला. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच येत होते: जमीन जवळजवळ दीडपट. चूक ठिकठिकाणी वेगळी असेल तर ती हाताची असते. सगळीकडे सारखी असेल तर ती नियमाची असते. तो नियम कोणता हे मला भागाकार संपण्याआधीच कळले होते, पण कळले आहे असे मी स्वतःला मान्य करू दिले नाही. संध्याकाळी मी दुदाला इतकेच विचारले, की एका आल्केइरचे तू किती चौरस मीटर धरतेस. तिने पाढा म्हणावा तसा आकडा सांगितला. मी चमचा खाली ठेवला. "आजोबा, चमचा का ठेवलात? काय झालं?" मी सांगितले की ते साओ मिगेलचे माप आहे. आपल्या बेटावरचा आल्केइर लहान. तीन वर्षे ती जिथे शिकली, जिथल्या शेतांत तिने पहिली मोजणी केली, तिथला मोठा आल्केइर तिच्या डोक्यात पक्का बसला होता; आणि लुद्जेरोला कधी शंका आली नाही, कारण आल्केइर नावाची दोन मापे जगात असतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. परक्या माणसाने दहा वेळा चौकशी केली असती. ही चूक आपल्याच माणसाकडून व्हायची.

तिचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. त्या खिडकीवरच्या कायम जागेची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. जागा एक, उमेदवार अकरा. मुदत संपायला दोन महिने. मी लगेच बसलो आणि तिच्यासाठी एक निवेदन तयार केले. प्रशिक्षणार्थीचे काम तपासणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य. तपासणी झाली नाही. म्हणून उत्तरदायित्व मार्गदर्शकाचे. तीन विधाने, एका पानात, एकही शब्द जास्त नाही. माझ्या हातून बऱ्याच वर्षांत इतके चांगले लेखन झाले नव्हते, आणि ते मला आवडले होते हेही कबूल करतो. दुदाने ते दोनदा वाचले. "यात खोटं काहीच नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, नाहीच. "पण आजोबा, हे दिल्यावर मी लुद्जेरोकाकांच्या शेजारी बसून डबा कसा खाऊ?" मी निवेदन पुन्हा वाचायला मागितले. तिने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिले: "फाजांवर ज्यांच्या जमिनी वाढल्या त्यांनी येत्या रविवारी प्रार्थनेनंतर खाली यावे. मी चुकीचे माप धरले. जमिनी मूळ आकारात परत करायच्या आहेत. कुदळ आणि म्हातारी माणसे सोबत आणावीत. एदुआर्दा." सही पूर्ण नावाची, दुदा नव्हे. सकाळी तो कागद तिने आधी लुद्जेरोला दाखवला, मग कॅफेच्या काचेच्या दारावर चिकटवला. माझे निवेदन अशा रीतीने कॅफेच्या काचेच्या आतल्या बाजूने आठवडाभर सगळ्यांना वाचता येत होते, हे तिच्या लक्षात आले नव्हते. माझ्या आले होते. लुद्जेरोने ते कॉफी पिता पिता पूर्ण वाचले आणि मला म्हणाला, "मास्तर, माझ्याविरुद्ध इतकं सुंदर कोणी लिहिलं नव्हतं."

म्हातारी माणसे कशाला, ते तुला कळले असेल. तुझ्या आजोबांनी तुला एकदा दाखवले होते. हद्दीचा दगड रोवताना आधी एक कौल फोडायचे, आणि त्याचे तुकडे दगडाच्या दोन्ही अंगांना खोल पुरायचे. त्यांना साक्षीदार म्हणतात. दगड कोणी गुपचूप सरकवला तर नव्या जागी साक्षीदार नसतात, आणि कोणी खोटे पुरले तर ते एकमेकांना जुळत नाहीत. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, पण इतके चोख प्रमाण मला पुस्तकात सापडले नाही. नुसता भागाकार सुधारून दस्तांवर पुन्हा भरवसा ठेवायला दुदा तयार नव्हती, बांध दिसत नव्हते; साक्षीदार मात्र जमिनीत होते, आणि कोणता दगड कुठे आहे हे म्हाताऱ्यांना ठाऊक होते. हे दुदाला कोणी सांगितले? मी नव्हे. इतक्या महिन्यांत खिडकीशी आलेल्या माणसांची विषयांतरे ऐकून तिला ते कळले होते.

रविवारी मी धरले होते की दहाएक जण येतील. जमीन कमी करून घ्यायला कोण कडा उतरेल? बहात्तर आले. किटेरिया सगळ्यांत पुढे, एस्पेसिएस या मसालेदार बिस्किटांचा डबा डोक्यावर. जेर्वासियोने खेचरावर वाइनचे पिंप बांधून आणले होते आणि सोबत चौकटीतला कागदही. "हा मी परत देणार," तो दुदाला म्हणाला, "पण चौकट माझी आहे." वारा बेफाम होता, लाटांचे तुषार वेलींपर्यंत येत होते. पहिला दगड किटेरियाचाच. ती झुडपात शिरली, पाऊल वाजवून पाहिले, म्हणाली, "इथं." खणले, काही नाही. "मग इथं." नाही. जेर्वासियो म्हणाला, "काकू, समुद्रात बघायचं का? तिथंही तुमचंच आहे." "तू गप खण." चौथ्या खड्ड्यात कुदळ दगडाला लागली, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विटकरी तुकडे. दुदाने ते हातात घेतले, माती पुसली, आणि एकाची कड दुसऱ्याच्या कडेला लावली. फट राहिली नाही. लुसिंदा, मी त्या वेळी काही तरी मोठ्याने ओरडलो असे लोक सांगतात. मला आठवत नाही.

त्यानंतर गाव वेडे झाले. दोन-दोन घरे मिळून खणू लागली. शेजारी दोन्ही बाजूंनी उभे राहत, म्हातारे जागा सांगत, तरुण खणत, आणि तुकडे जुळले की इकडून तिकडून आरोळी उठे. दुदा दोरी आणि उपकरण घेऊन एका दगडाकडून दुसऱ्याकडे धावत होती. लुद्जेरो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वहीत लिहीत होता आणि प्रत्येक आकडा तिला दोनदा म्हणायला लावत होता. "आता मी तपासतोय, मास्तर," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लेखी द्या." कोणाचा तुकडा कमी झाला की बाकीचे त्याला टाळ्या देत. बेडूक म्हणवणाऱ्या आंतोनियोचे वारस टोरांटोतून फोनवर पाहत होते. तुमच्या त्या रस्त्यावरच राहतात ते. त्यांचे साक्षीदार सापडले तेव्हा फोनमधून रडण्याचा आवाज आला आणि किटेरियाने फोन हातात घेऊन त्यांना खडसावले, की रडायचे असेल तर इथे येऊन गवत काढा. हे काम तीन रविवार चालले. तिसऱ्या रविवारी शेवटचा दगड निघाला तेव्हा सगळे पिंपाभोवती बसलो, आणि चीज, गोड पाव, रताळी असे जे कोणी आणले होते ते वाटून खाल्ले. सगळ्यांच्या जमिनी लहान झाल्या होत्या आणि एकाचाही चेहरा उतरलेला नव्हता. याचे कारण मी अजून शोधतो आहे.

आता परीक्षा. लेखी परीक्षेत दुदा तिसरी आली. पुढचे दोघे तेर्सेरा बेटाचे, दोघेही तिच्यापेक्षा एक पदवी जास्त घेतलेले. तो निकाल आला त्या दिवशी मी तुझ्या कराराची तिला आठवण करून दिली. जेर्वासियोचे म्हणणे वेगळे होते. "वीस गाई नेऊन उभ्या करतो नगरपालिकेसमोर. बघू कोण हिला काढतंय." दुदा त्याच्या गोठ्यात गेली आणि म्हणाली, "काका, एक गाय जरी आली ना, तर मी आपणहून टोरांटोला जाईन." तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, अंडी मात्र येत राहिली.

मुलाखत तिघांनी घेतली. तिसरा सदस्य लुद्जेरो होता, आणि आत काय झाले ते त्याने मला निकालानंतर सांगितले. हे गोपनीय असते, तू सांगायला नको होतेस, असे मी त्याला बजावले. ऐकून झाल्यावर बजावले. अध्यक्ष तेर्सेराहून आलेल्या एक अभियंता बाई होत्या. त्यांच्यापुढे सगळी कागदपत्रे होती. त्यांनी विचारले, "फेब्रुवारीत त्रेसष्ट लोकांना चुकीचे नकाशे तुम्हीच दिलेत ना?" दुदा म्हणाली, "चौसष्ट, बाई. एक तुमच्या यादीत नाही." बाईंनी यादी चाळली. "कोणता?" "आमचाच. आजोबांचा कागद मी घरीच नेऊन दिला, खिडकीवर त्याची नोंदच केली नाही. तीही चूकच." अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि आता तुमच्या लोकांच्या शेतांत मासे किती उरलेत?" "एकही नाही, बाई. सगळे परत केले." मग म्हणे बाईंनी साक्षीदारांविषयी इतके प्रश्न विचारले, की पुढचा उमेदवार पाऊण तास बाहेर ताटकळत राहिला.

यादी शुक्रवारी अकरा वाजता लागणार होती. दुदा गेली नाही. तिने मला पाठवले, कारण माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही असे तिचे मत आहे. मी सवयीप्रमाणे यादी खालून वाचायला घेतली. आशा ठेवायची नसेल तर खालून वाचावे. अकरावे नाव तिचे नव्हते. दहावे नव्हते. एकेक करीत मी दुसऱ्यापर्यंत आलो, तेही तिचे नव्हते. तेव्हा मी असे ठरवले की मधले एखादे नाव माझ्या नजरेतून सुटले, आणि पुन्हा अकराव्यापासून सुरुवात केली. नावे अकरा, दहा तिची नाहीत, उरले एक. शाळेतल्या कोणत्याही मुलाने क्षणात सांगितले असते. मला ते सांगता येईना. माझे डोळे दुसऱ्या ओळीच्या वर जायला तयार नव्हते. शेवटी मागून किटेरियाने मला कोपराने ढोसले. "अहो मास्तर, वर बघा की!" मी वर पाहिले. मग तिथे, नगरपालिकेच्या फळ्यासमोर, जेर्वासियो आणि लुद्जेरो यांच्यादेखत, मी एका सत्याहत्तर वर्षांच्या बाईला उचलून घेतले. ती म्हणाली, खाली ठेवा, लोक काय म्हणतील. पण हसत होती.

पुढचे तू फोनवर ऐकलेस. दुदाची नोकरी २ जूनला सुरू होते. त्याच खिडकीवर, त्याच खोलीत. कराराची अट पूर्ण झाली, असे मी तुला अधिकृतपणे कळवतो.

परंतु हे कळवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. दुदा म्हणाली, "आजोबा, मी गेले असते तर तुम्हाला काय वाटलं असतं?" मी सुरुवात केली, की प्रश्न मला काय वाटते हा नसून तुझे हित कशात आहे हा आहे. ती ऐकत राहिली आणि मग तिने हळूच विचारले, "आई जायला निघाली तेव्हाही असंच म्हणालात?" असेच म्हणालो होतो. चौदा वर्षांपूर्वी तू माझा सल्ला मागितलास; मी तुला जाण्याची सात कारणे आणि न जाण्याची चार, समोरासमोर लिहून दिली, आणि तू सातांच्या बाजूने गेलीस. दुदा तेव्हा नऊ वर्षांची. वर्षभराने तुझ्याकडे यायची होती, ती राहूनच गेली. तू जाऊ नयेस असे मला वाटत होते. हे कारण नव्हे, म्हणून मी ते कोणत्याच बाजूला लिहिले नाही, आणि तोंडानेही बोललो नाही. तू मात्र इतकी वर्षे असे समजत आलीस, की बाबांना चालले. चालले नव्हते. शुक्रवारी तू लेकीसाठी आनंदाने ओरडलीस, तो आनंद खरा होता. आणि फोन ठेवल्यावर तू एकटी काय केले असशील तेही मला माहीत आहे, कारण तुझे विमान उडाल्यावर घरी येऊन मी तेच केले होते. तुझी मुलगी तुझ्यापासून दूर राहणार, याच्या आनंदात मी गावभर हसत फिरतो आहे, आणि याबद्दल मी तुझा अपराधी आहे. ऑगस्टमध्ये ये. पंधरा दिवस ये, महिनाभर ये, कायमची आलीस तरी ये. का यायचे याची कारणे मी मांडलेली नाहीत, आणि तू विचारलीस तरी या वेळी मांडणार नाही. मला तू इथे हवी आहेस.

तुझाच,
बाबा